हिशोबातले वऱ्हाड

२१ मे १८५३ रोजी हैदराबादेत एक तह झाला. एका बाजूला निजाम नासिर-उद्-दौला, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट कर्नल लो. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज निजामाच्या पैशावर पोसली जात होती. तिचा खर्च वर्षाला ४० लाखांच्या घरात गेला होता, पगार थकले होते आणि थकबाकीपोटी कंपनीचे कर्ज ५० लाखांच्या आसपास पोहोचले होते. या देण्याच्या वसुलीसाठी निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिला. देताना तो राजी नव्हता. वडिलार्जित मुलूख विनाकारण देऊन टाकणे आणि आपल्यासाठी लढलेल्या फौजेला घरी बसवणे, या दोन गोष्टी राजाला लाजिरवाण्या, असे त्याने लोला बजावले होते. निजामाचे म्हणणे नोंदले गेले, गव्हर्नर-जनरल डलहौसीचे म्हणणे नोंदले गेले. पण मेळघाटापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत पसरलेल्या ज्या मुलखाचा महसूल गहाण पडत होता, तिथल्या एकाही माणसाचे म्हणणे त्या व्यवहारात कुठे नाही. सावकाराच्या दप्तरात शेत गहाण पडते, तसे वऱ्हाड गहाण पडले.

वऱ्हाडच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडले नव्हते आणि शेवटचेही नव्हते. दिल्ली, औरंगाबाद, नागपूर, पुणे, हैदराबाद, कलकत्ता, लंडन, मुंबई अशा एकामागून एक लांबच्या गाद्यांनी या मुलखाकडे पाहिले. प्रत्येकीला तो मुलूख असा दिसलाच नाही. तिला दिसला तिचा त्याच्यावरचा हक्क, आणि तोही दुसऱ्या कुणाच्या हक्काच्या तुलनेत. उलट वऱ्हाडला या सत्ता कधी सलग, एकसंध दिसल्या नाहीत. त्याला दिसली ती त्यांची गावापर्यंत पोहोचलेली माणसे: अमलदार, इजारदार, कंत्राटदार, कापसाचा अडत्या, तहसीलदार. ही दोन्ही दर्शने अपुरी होती, पण सारखी अपुरी नव्हती. लांबून पाहणाऱ्याच्या अपुऱ्या नजरेची किंमत जवळच्याने मोजली आणि जवळच्याच्या अपुऱ्या नजरेने मात्र त्याला तगून राहायला शिकवले, असे माझे म्हणणे आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की वऱ्हाड काही जन्मतः सीमाप्रदेश नव्हते. वाशीम, म्हणजे तेव्हाचे वत्सगुल्म, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. बहामनी राज्य फुटले तेव्हा १४९० च्या सुमारास फतहुल्ला इमाद-उल-मुल्काने इथे स्वतःची गादी स्थापली. अचलपूरहून कारभार चाले आणि गाविलगड व नरनाळा हे सातपुड्यातले किल्ले त्या राज्याचा कणा होते. ऐंशीएक वर्षे वऱ्हाड स्वतःच केंद्र होते. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने इमादशाही बुडवली आणि तिथून वऱ्हाड कुणाच्या तरी कडेचा मुलूख झाले. पुढच्या बावीस वर्षांतच त्याचा अर्थ कळून आला. १५९६ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्याभोवती मोगलांचा वेढा पडला तेव्हा चांदबिबीने अहमदनगर वाचवण्यासाठी जे देऊ केले ते वऱ्हाड होते. तिच्या शौर्याबद्दल आपल्याला आदर आहे आणि तो असावाच. पण राजधानी वाचवायची तर कडेचा सुभा द्यायचा हा हिशोब तिनेही केला, आणि तिच्या जागी दुसरे कुणी असते तर त्यानेही तोच केला असता. पुढे तीनशे वर्षे हाच हिशोब वेगवेगळ्या हातांनी मांडला गेला.

मोगलांनी वऱ्हाड घेतले तसे कागदावरही उतरवून घेतले. अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाडचा सुभा आहे, त्याच्या सरकारा आहेत, परगणे आहेत, किल्ले आहेत, जमा आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवराचीही नोंद आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. आज भूशास्त्रज्ञ त्या जागेला उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेले दुर्मीळ विवर म्हणून ओळखतात, आणि आसपासच्या गावांना ते लवणासुराच्या कथेचे आणि दैत्यसूदनाच्या देवळाचे तीर्थ आहे. अबुल फझलच्या नोंदीत काच आणि साबण यांना लागणारा माल तिथे मिळतो हे ठळक आहे. नोंद खोटी नाही. सरोवराकाठच्या क्षारांचा व्यापार खरोखरच होता आणि त्यातून सरकारात उत्पन्न येत होते. लांबच्या दरबारात एखादी जागा कोणत्या गुणाने ओळखली जाते याचा हा चोख नमुना आहे.

अठराव्या शतकात तर वऱ्हाडच्या जमिनीवर परक्यांचेच वाद निकालात निघाले. ऑगस्ट १७२० मध्ये बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्काने सय्यद बंधूंच्या पुतण्याला, आलम अली खानाला, मारले. तो वाद दिल्लीच्या तख्ताभोवतीचा होता. ऑक्टोबर १७२४ मध्ये बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याला त्याच निजामाने मुबारिझ खानाला हरवले, आणि हैदराबादचे पुढचे सव्वादोनशे वर्षांचे राज्य खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले. विजयाची खूण म्हणून गावाला फतेहखेर्डा असे नाव दिले गेले. एका मोठ्या राज्याचा जन्म ज्या गावाच्या शिवारात झाला, त्या गावाला त्या राज्यात पुढे काही विशेष स्थान मिळाल्याचे दिसत नाही.

दरम्यान १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले होते आणि त्या सहांत वऱ्हाड होते. शाहू छत्रपतींनी हा प्रांत सेनासाहेबसुभा भोसल्यांकडे सोपवला. मग सुरू झाला तो दुअंमल. राज्य कागदोपत्री निजामाचे आणि वसुलीला दोन्ही दौलतींचे अमलदार. भोसल्यांची ठाणी प्रांतभर पसरली, महसुलाचा अर्ध्याहून मोठा वाटा मराठ्यांकडे जाऊ लागला, काही परगणे पेशव्यांकडे गेले, तरी निजामाने आपल्या स्वामित्वाचा दावा कधी सोडला नाही. नागपूरच्या दप्तरात वऱ्हाड म्हणजे भोसल्यांच्या पराक्रमाचे पहिले फळ. हैदराबादच्या दप्तरात तेच वऱ्हाड म्हणजे मराठ्यांनी अडवून धरलेली आपली जहागीर. दोन्ही दप्तरे आपापल्या परीने बरोबर होती आणि दोघांचे कारकून एकाच गावच्या चावडीवर बसत होते.

ही व्यवस्था खालून कशी दिसे ते वऱ्हाडच्या गढ्या सांगतात. गावाच्या उंच भागी पांढऱ्या चिकणमातीच्या, काही हात रुंदीच्या भिंती, कोपऱ्यांना बुरूज, जेमतेम एक बैलगाडी शिरेल असा दरवाजा, आत विहीर, धान्याची पेवे आणि देशमुख-पाटलांचा वाडा. तोफखान्यापुढे या गढ्या टिकण्यासारख्या नव्हत्या आणि त्या तशा बांधल्याही नव्हत्या. ज्या घोडेस्वारांना वेढा घालून बसायला वेळ नाही, दोनतीन दिवसांत काहीतरी वसूल करून पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी त्या होत्या. दरवाजा लावून घ्यायचा, भिंतीवरून बोलणी करायची, आकडा खाली आणायचा आणि काही रक्कम देऊन फौज वाटेला लावायची. जी सत्ता दरसाल नव्याने येऊन नव्याने मागते, तिच्याशी वागायची ही पक्की रीत होती. म्हणून गढीकडे मी नुसती लढाईची वास्तू म्हणून पाहत नाही. लांबच्या सत्तेचे स्वरूप वऱ्हाडने नेमके ओळखले होते, याचा तो पुरावा आहे.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. दुअंमल म्हणजे दुहेरी लूट होती. रयत दोन्हीकडून नागवली जात होती. त्यात शहाणपण शोधणे म्हणजे दुःखाला शोभा आणणे आहे. आक्षेपातली पहिली दोन विधाने मी जशीच्या तशी मान्य करतो. १८०३ च्या सुमारास फौजांच्या येण्याजाण्याने आणि पाऊस हुकल्याने वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला आणि गावेच्या गावे ओस पडली. गढीच्या आतल्यांना भिंतीचा आधार होता, बाहेरच्या कुणब्याला, माळ्याला, महाराला नव्हता. पण दुअंमलात आणखीही एक गोष्ट होती जी नंतरच्या एकेरी अमलात उरली नाही. दोन धन्यांपैकी एकाच्या विरुद्ध दुसऱ्याकडे जाता येत होते. देशमुख-देशपांडे दोन्हीकडच्या सनदा बाळगून होते. एका अमलदाराने वतन अडवले तर दुसऱ्याकडे फिर्याद नेता येई. एकाने बेसुमार मागितले तर दुसऱ्याच्या हद्दीत निघून जाता येई. यातून न्याय मिळे असे नाही, सौद्याला जागा राहत होती एवढेच. सौद्याची जागा संपली की रयतेचे काय होते, ते पुढच्या पन्नास वर्षांनी दाखवले.

२३ सप्टेंबर १८०३ ला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड: तीन महिन्यांच्या आत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने वऱ्हाडच्या दुअंमलाचा शेवट केला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या लगतचा थोडा भाग त्यांच्याकडे राहिला होता, तोही १८२२ मध्ये गेला. वर्धा नदी ही हैदराबाद आणि नागपूर यांमधली सरहद्द ठरली. नकाशावर ही रेघ स्वच्छ होती. नदीच्या दोन्ही काठांवर बोली एक, जाती एक, सोयरीक एक आणि कापूस एक होता, पण त्याचा तहाशी काही संबंध नव्हता.

आता वऱ्हाडला एकच धनी होता आणि तो कर्जबाजारी होता. हैदराबादचा दिवाण चंदुलाल रोख पैशासाठी महसूल आगाऊ विकू लागला. पुरणमल नावाच्या हैदराबादच्या बड्या सावकाराने वऱ्हाडचा मोठा भाग इजाऱ्याने घेतला. १८३९ मध्ये रेसिडेंटच्या दबावामुळे त्याला काढले, तेव्हा परगणे गेले पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीकडे. याच पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेला होता, शेतकऱ्यांना तगाई वाटली होती आणि खामगावला गाठी बांधायचे दाब बसवले होते. व्यापारी म्हणून तिची कर्तबगारी खरी होती. पण तीच पेढी सरकारचे कर्ज वसूल करण्यासाठी महसुलाची मालक झाली, म्हणजे शेतकऱ्याला उचल देणारा, त्याचा कापूस घेणारा आणि त्याच्याकडून सारा वसूल करणारा एकच झाला. चंदुलाल गेल्यावर नव्या दिवाणाने १८४५ मध्ये ही पेढीही हुसकून लावली. हैदराबादच्या दृष्टीने हा दिवाण आणि सावकार यांच्यातला मामला होता. गावाच्या दृष्टीने दर काही वर्षांनी राजाच बदलत होता.

या काळातली एक घटना मला फार बोलकी वाटते. १८४९ मध्ये वऱ्हाडात एक माणूस उभा राहिला आणि आपण नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले आहोत असे सांगू लागला. खरे आप्पासाहेब १८४० मध्येच जोधपूरला वारले होते. तरी या तोतयाभोवती माणसे जमली, बंडाळी झाली आणि ती मोडायला कंटिंजंटची फौज पाठवावी लागली. भोसल्यांचा वऱ्हाडवरचा हक्क संपून तेव्हा जवळजवळ अर्धशतक झाले होते, आणि त्यांचा अमल सुखाचा होता असे तर कुणीच म्हणणार नाही. मग लोक का गेले? मला वाटते, त्यांना भोसल्यांचे राज्य हवे होते असे नाही, त्यांना दुसरा धनी हवा होता. इजारदाराच्या विरुद्ध ज्याच्याकडे जाता येईल असा कुणीतरी. हयात भोसला मिळाला नाही म्हणून मेलेल्या भोसल्याच्या नावावर काम चालवले गेले. लांबून याकडे पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना हा अडाण्यांचा भोळसटपणा वाटला असणार. पण सौद्याची जुनी रीत हाडीमाशी खिळलेल्या प्रदेशाची ही अगदी तर्काला धरून केलेली कृती होती.

चार वर्षांनी दुसरा धनी आला तो कलकत्त्याहून, १८५३ च्या तहाने. १८६० मध्ये नवा करार झाला. निजामाने १८५७ मध्ये इंग्रजांची बाजू राखली म्हणून ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, वऱ्हाड मात्र 'विश्वस्त' म्हणून इंग्रजांकडेच राहिले. शिल्लक राहील ती निजामाला द्यायची, पण जमाखर्चाचा हिशोब त्याने मागायचा नाही, अशीही अट होती. पुढे हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, १८७६ मध्ये ते लंडनलाही जाऊन आले. इंग्रजांच्या दृष्टीने तो जुना, मिटलेला मुद्दा होता. हैदराबादच्या दृष्टीने ती दौलतीच्या इभ्रतीवरची जखम होती. पत्रव्यवहार प्रचंड आहे. फौज, कर्ज, तहाची कलमे, राजाची प्रतिष्ठा हे सगळे त्यात आहे. वऱ्हाडी माणूस त्यात क्वचितच येतो, आणि आला तर सुशासनाचा लाभार्थी म्हणून येतो.

यावर कुणी म्हणेल, इंग्रजांना वऱ्हाड माहीत नव्हते असे कसे म्हणता? १८७० मध्ये आल्फ्रेड लायलने संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर उघडून पाहा. गावे, जाती, पिके, माती, सण, जुने तह, सगळे त्यात आहे. बॉम्बे पद्धतीची रयतवारी मोजणी आली, शेताशेताला क्रमांक लागला, खातेदाराच्या नावावर सातत्याने जमीन लागली. हा आक्षेप वजनदार आहे, आणि लायलच्या बाबतीत तर अधिकच. वऱ्हाडात नोकरी करताना त्याने गावोगावचे देव पाहिले. कुठे एखाद्या वीराचे, कुठे एखाद्या साधूचे देवात रूपांतर कसे होते हे डोळ्यांसमोर घडताना पाहिले. आणि त्यावर लिहिलेला निबंध पुढे त्याच्या 'एशियाटिक स्टडीज' या पुस्तकाचा आरंभ झाला. निरीक्षण बारीक आहे आणि त्यात तुच्छता नाही. तरीही त्या निबंधात वऱ्हाड येते ते हिंदू धर्म कसा वाढतो याचे उदाहरण म्हणून. प्रांत कोणताही असता तरी चालले असते, हा प्रांत हाताशी होता. माहितीचा अभाव ही लांबच्या सत्तांची उणीव नव्हतीच. अबुल फझलकडे माहिती होती, लायलकडे त्याहून जास्त होती. प्रश्न हा की ती माहिती कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी गोळा केली होती. गॅझेटियरमध्ये कापसावर जेवढी पाने आहेत त्याचे कारण लँकेशायरमध्ये आहे.

१८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाड एकाएकी जगाच्या नकाशावर आले. त्याआधी इथला कापूस लांबवर जात नव्हता असे नाही. बैलांच्या पाठीवर लादून तो गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई, आणि अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने १८४२ मध्ये एक लाख बैल भरून कापूस कलकत्त्याकडे धाडल्याची कथा गॅझेटियरकारांनीच नोंदवली आहे. आकडा फुगवलेला असेल, पण वऱ्हाडच्या बाजाराचे तोंड केवळ पश्चिमेला नव्हते, हे त्यातून कळते. ते पश्चिमेला वळवले ते रेल्वेने. जी. आय. पी.ची गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. मुख्य मार्गावरून खामगाव आणि अमरावती ही दोन्ही कापसाची मोठी गावे सुटली होती, म्हणून खास फाटे काढले: जलंब ते खामगाव सुमारे १३ किलोमीटर, बडनेरा ते अमरावती त्याहूनही कमी. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याच्या आणि कापसाच्या बाजाराच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक हा खास कापूस आयुक्त नेमला होता. वाण कुठले, भेसळ किती, गाठीचा दाब कसा, बोटीपर्यंत किती दिवस, हे त्याचे प्रश्न होते. कापसाच्या गाठीला हिंदुस्थानच्या प्रशासनात स्वतंत्र अधिकारी मिळाला होता. ती पिकवणाऱ्याला तसा कुणी नव्हता.

पण त्यातून वऱ्हाड सुखी झाले नाही काय? झाले, काही प्रमाणात नक्कीच झाले, आणि हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे लोक उगाच म्हणत नव्हते. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा इथले वाडे, शाळा, नाटकगृहे, वकिलांची एक अख्खी पिढी ही कापसाच्या पैशावर उभी राहिली. गणेश श्रीकृष्ण उपाख्य दादासाहेब खापर्डे आणि रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे त्याच समृद्धीतून आलेले पुढारी, आणि १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली तीही त्या बळावर. पण ही समृद्धी एकाच पिकावर आणि लिव्हरपूलच्या भावावर उभी होती. ज्वारीचे वावर कापसाखाली गेले, पेवे रिकामी झाली, धान्य विकत घ्यायची सवय लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात रेल्वे होती, बाजार होते, धान्य आणता येत होते. ते घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता. १८९१ ला सुमारे २८ लाख ९७ हजार असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ ला २७ लाख ५४ हजारांवर आली. हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत प्रांतांत ज्याची गणना होत होती, त्या प्रांताची ही खानेसुमारी आहे. लांबून पाहणाऱ्याला गाठींची संख्या वाढताना दिसत होती आणि ती खरोखरच वाढलेली होती.

५ नोव्हेंबर १९०२ ला लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने. दुसऱ्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले. पण पट्टा म्हणजे मालकी नव्हे, म्हणून वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग झालेच नाही. या एका गोष्टीतून किती विचित्र परिणाम निघाले! कलकत्त्याला किंवा नागपूरला झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे, तो वेगळ्या हुकुमाने लागू करावा लागे. वऱ्हाडी माणूस इंग्रज कलेक्टरच्या अमलाखाली जन्मे, इंग्रज कोर्टात भांडे, इंग्रज तुरुंगात जाई, आणि तरी तांत्रिकदृष्ट्या निजामाचा प्रजाजन असे. १९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या विधिमंडळासाठी वऱ्हाडातही मतदान होऊ लागले, पण परक्या संस्थानाची प्रजा म्हणून वऱ्हाडच्या प्रतिनिधींना सरळ निवडून आलेले म्हणता येईना. तेव्हा मतदारांनी निवडलेल्या माणसांना सरकारने मागाहून 'नियुक्त' करायचे, अशी वाट काढली गेली. मत टाकणाऱ्याला वाटे की आपण प्रतिनिधी निवडला. कायद्याच्या वहीत त्याने फक्त एक नाव सुचवलेले असे.

वऱ्हाडच्या वादातून सगळ्या हिंदुस्थानाच्या इतिहासाला वळण देणारा एक कागदही निघाला. ऑक्टोबर १९२३ मध्ये निजाम उस्मान अली खानाने वऱ्हाड परत मागितले, आपण व इंग्रज सरकार या बाबतीत बरोबरीचे आहोत असा त्याचा सूर होता. २७ मार्च १९२६ च्या उत्तरात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्याला सुनावले की ब्रिटिश सार्वभौमत्व हिंदुस्थानात सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही. संस्थानांबद्दलच्या पुढच्या प्रत्येक चर्चेत हे पत्र निघत राहिले. मागणीच्या पत्रात मात्र आणखी एक गोष्ट होती, आणि ती माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. वऱ्हाड परत मिळाले तर तिथल्या लोकांना अंतर्गत कारभारात संपूर्ण लोकनियंत्रित, जबाबदार राज्यपद्धती देऊ, असे निजामाने लिहिले होते. हैदराबादच्या स्वतःच्या प्रजेला असे काही त्याने दिलेले नव्हते. लांबच्या सत्तेला वऱ्हाडी माणसाचे मन वळवावेसे वाटले, हे बहुधा पहिल्यांदाच घडत होते. तेही तो माणूस दुसऱ्याकडे होता म्हणून.

वऱ्हाडातले पुढारी याला भुलले नाहीत. काँग्रेसच्या राजकारणात मुरलेले, यवतमाळचे बापूजी अणे यांच्यासारख्यांच्या तालमीत तयार झालेले हे लोक हैदराबादच्या दरबाराकडे जायला तयार नव्हते. पण नागपूरकडे राहायलाही ते मनापासून राजी नव्हते. वऱ्हाडच्या महसुलावर मध्य प्रांताचे हिंदी जिल्हे पोसले जातात ही तक्रार तेव्हा सर्रास होती. १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व मान्य झाले, त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, सरकारी इमारतींवर युनियन जॅकबरोबर आसफजाही झेंडाही लागू लागला. त्याच कराराने कारभार मात्र 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' याच जोडनावाखाली नागपूरला राहिला. दुअंमल पुन्हा आला होता. फक्त आता दुसरा अमल झेंड्यापुरता होता आणि त्याच्याकडे फिर्याद नेण्याची सोय नव्हती.

या सगळ्या विवेचनावर सर्वांत कठीण आक्षेप वेगळा आहे. 'वऱ्हाडने पाहिले', 'वऱ्हाडला वाटले' असे मी लिहीत आलो, पण वऱ्हाड म्हणजे कोण? देशमुख, कापसाचे मारवाडी आणि भाटिया व्यापारी, अमरावतीचे वकील, कुणबी, दलित शेतमजूर आणि मेळघाटातले कोरकू यांची नजर एक कशी असेल? नव्हतीच. मेळघाटाकडे पाहिले की हे स्पष्ट होते. अचलपूर-अमरावतीच्या लोकांना मेळघाट म्हणजे साग, मध, मोह आणि तापाचा मुलूख. इंग्रजांनी तिथले जंगल राखीव केले आणि कोरकूंची फिरती शेती, चराई, लाकूडफाटा यांवर बंधने घातली तेव्हा सखल वऱ्हाडातून त्यावर फार मोठा आवाज उठल्याचे दिसत नाही. कलकत्ता जसे वऱ्हाडकडे पाहत होते, तसेच वऱ्हाड मेळघाटाकडे पाहत होते. हा आक्षेप माझे म्हणणे मोडत नाही, उलट ते अधिक कडू करतो. कडेच्या मुलखाला स्वतःची कड मिळाली की तोही लांबची सत्ता होतो. त्यासाठी राजधानी असावी लागत नाही, हक्काचा कागद पुरतो.

१९४७ चा उन्हाळा वऱ्हाडात भीतीचा होता. इंग्रज निघून गेले की संस्थानांशी केलेले करार संपणार, म्हणजे १९३६ चा करारही संपणार. मग वऱ्हाड कायद्याने कुणाचे? निजाम हिंदुस्थानात सामील व्हायला तयार नव्हता. या पार्श्वभूमीवर ८ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, अकोल्यात महाराष्ट्र आणि महाविदर्भाचे पुढारी एकत्र बसले आणि संयुक्त महाराष्ट्रात दोन उपप्रांत असावेत असा करार केला. या करारातल्या तरतुदी प्रत्यक्षात आल्या नाहीत. पण १५९६, १८०३, १८५३, १८६०, १९०२, १९३६ असे तह आणि करार ज्या प्रदेशाबद्दल झाले, त्याची स्वतःची माणसे कराराच्या मेजावर सही करायला बसली होती, ही गोष्ट मला त्यातल्या कलमांहून मोठी वाटते. १९५३ चा नागपूर करार, राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस, ती बाजूला सारून १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात झालेला समावेश, हा पुढचा क्रम सर्वांना माहीत आहे.

मुंबईशी वऱ्हाडचे नाते भाषेचे आहे, म्हणून ते हैदराबाद किंवा कलकत्त्याच्या पंगतीत बसवणे चुकीचे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे बरेचसे खरे आहे. मुंबईच्या विधानसभेत वऱ्हाडी आमदार नियुक्त म्हणून बसत नाही. वसंतराव नाईक हे यवतमाळ जिल्ह्यातले, अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. तरीही संबंधाची भाषा कोणती झाली ते पाहावे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजला. रस्ते, सिंचन, वीजपंप, शाळा, दवाखाने अशा एकेका बाबीत कुठला जिल्हा किती मागे, हे काढून तिने ३,१०० कोटी रुपयांहून अधिक अनुशेष दाखवला, आणि त्यातला सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. काम प्रामाणिक होते आणि त्याशिवाय अन्याय सिद्ध करता आला नसता. मात्र त्यानंतर वऱ्हाडच्या राजकारणाने स्वतःकडे पाहण्याचीही हीच रीत घेतली. इतके कोटी, इतके हेक्टर, इतके टक्के. चार शतके दुसऱ्यांनी आपल्याला ज्या वहीत लिहिले, तीच वही आता आपण उघडून दाखवत होतो.

सिंचनाचा अनुशेष हेक्टरांत मोजला जातो. पण पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून गेलेला खारपाण पट्टा आहे. तिथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारे असते. पिण्याला चालत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. काळी माती पाणी धरून ठेवते, निचरा होत नाही, आणि कालव्याचे पाणी बेताबाहेर दिले तर खालचे क्षार वर येतात. इथल्या शेतकऱ्याला किती हेक्टर भिजले हा प्रश्न उपयोगाचा नाही. त्याला हवे असते पावसाचे गोडे पाणी साठवणारे शेततळे, निचऱ्याची व्यवस्था, एखाद्या संरक्षित पाण्यावर येणारे हरभऱ्याचे पीक आणि प्यायला बाहेरून आणलेले पाणी. हे शहाणपण त्या गावांत आहे, कृषी विद्यापीठाच्या अकोल्यातल्या संशोधकांकडेही आहे. अनुशेषाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही, आणि मुंबईला पाठवलेल्या वऱ्हाडच्या निवेदनांतही हेक्टरांच्या मागणीपुढे ते मागच्या पानावर जाते.